उद्याची तक्रार

“पोरगी काळी पडायला लागलीय,” हिंगमिरे वहिनी म्हणाल्या.

मी त्यांच्या हातात फक्कीचा डबा दिला.

त्यांनी आधी डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. वनस्पती तुपाचा जुना डबा होता तो, तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला, आत मैदान आखायची पांढरी भुकटी. वहिनींच्या अंगावर जांभळी इरकल, केसांत अबोलीचा गजरा. भांडायला निघताना बायका इतक्या नीटनेटक्या निघतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

“हे काय?”

“आमच्याकडं तशी पद्धत आहे. तक्रार घेऊन येईल त्यानं डबा धरायचा. ती सुतळी ताणलीय ना, तिच्यावरनं रेघ मारत चालायचं. मी शेजारनं चालते. या खांबापासून त्या खांबापर्यंत जेवढी तक्रार होईल तेवढी सगळी ऐकते.”

“आणि उरली तर?”

“आडव्या रेघा आहेत की.”

पद्धत माझीच होती आणि तिच्यामागं काही थोर विचार नव्हता. मुलींच्या त्या शाळेत मी नुकतीच खेळाची बाई म्हणून लागले होते. तालुक्याचं गाव, सांगलीच्या बाजूचं. शाळेच्या शिपायाला फक्की उडाली की शिंका यायच्या, म्हणून मैदान कोण आखणार हा प्रश्न होता. आणि मुली चड्डी घालून पळतात म्हणून पालक रोज भांडायला यायचे, हा दुसरा. मी दोन्ही प्रश्न एकमेकांच्या गळ्यात बांधले. शिवाय माझ्या लक्षात आलं होतं की कंबरेत वाकून, सुतळीवर नजर ठेवून माणसाला ओरडता येत नाही. निम्म्या तक्रारी मधल्या रेघेतच विरून जायच्या. काही पालक डबा बघूनच परत फिरले. माझं मैदान मात्र त्या वर्षी जिल्ह्यात सगळ्यांत रेखीव होतं.

वहिनी परत फिरल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, डबा दोन्ही हातांत धरला आणि चालू लागल्या. रोज दारात रांगोळी काढणारा हात होता तो. रेघ अशी पडली की मी तक्रार ऐकायचं विसरले.

“उन्हात पळून पळून रापलीय,” त्या वाकूनच सांगत होत्या. “आमच्या घरात सगळे म्हणतात, ही आता ओळखू यायची नाही. असं चाललं तर नाव काढून घ्यावं लागेल.”

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी चालायची थांबले. कारण पोरगी म्हणजे वृषाली हिंगमिरे, आणि वृषाली म्हणजे माझा अर्धा संघ. आठवीतली, काटकुळी, दोन लांब वेण्या. मागून खो मिळाला की ती उठते कधी आणि समोरचीला गाठते कधी, हे डोळ्यांना कळायच्या आत झालेलं असायचं. दिवाळीनंतर जिल्ह्याचे सामने होते. वृषाली नसेल तर एस.टी.चं तिकीट काढायचीसुद्धा गरज नव्हती.

“उद्यापासून सराव चारऐवजी पाचला,” मी म्हटलं. “ऊन उतरल्यावर. मग तर झालं?”

वहिनी खांबाशी थांबल्या. “इतक्यात?” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“नाही, इतक्यात ऐकलंत तुम्ही.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला समाधान वाटलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि चेहरे वाचण्याचं काम मी शिट्टी वाजवण्याइतकंच सोपं समजत होते.

दोनच दिवसांत वहिनी पुन्हा फाटकात. “गुडघे बघितलेत का तिचे? उद्या कोणी बघायला आलं तर काय दाखवायचं?”

मी डबा दिला. रेघ मारून होईपर्यंत उपाय तयार होता. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून गुडघ्यांना चढवायच्या, आत कापूस. दुसऱ्या दिवशी अख्खा संघ रंगीबेरंगी गुडघे घेऊन पळत होता.

मग गणित आलं. चाचणीत वृषालीला गणितात काठावरचे गुण पडले, तेव्हा मी गणिताच्या करंदीकर बाईंना मस्का लावून मधल्या सुट्टीत तिची शिकवणी लावली. मग भाकरी आली. “आधी दोन खायची, आता चौथी मागते,” वहिनी म्हणाल्या.

“ही तक्रार आहे का कौतुक?”

“तक्रारच,” त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि न मागता डबा उचलला.

रेघा मारून झाल्या की त्या लगेच निघत नसत. मैदानाच्या कडेला माती दाबायचा सिमेंटचा जुना रोळ पडलेला होता, त्याच्यावर टेकायच्या. म्हणायच्या, वृषालीला घेऊनच जाते, अंधार होतो ना आता. आणि बघत बसायच्या. मला वाटायचं, पोरीवर लक्ष ठेवतायत. पण त्यांचं लक्ष सगळीकडं असायचं.

“एक या तोंडाची बसलीय, एक त्या तोंडाची. असं का?” त्यांनी एकदा विचारलं.

“दोन्ही बाजूंना धावता यावं म्हणून. मागून पाठीवर थाप आणि खो, दोन्ही मिळालं की उठायचं. तोवर जागचं हलायचं नाही.”

“मग ती तिसरी हलते की.”

मी पाहिलं. तिसऱ्या चौकोनातली लता खोच्या आधीच टाच उचलत होती. सामन्यात पंचांनी तेवढ्यावरनं शिट्टी फुंकली असती. मी महिनाभर तिला पाहत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

एकदा तर त्यांनी खांबाशेजारी, रेघ संपते तिथं, उरलेल्या फक्कीचं बोटभर कमळ काढून ठेवलं. सराव सुरू झाला तर पोरी त्या कमळावर पाय द्यायला तयार होईनात. पळणारी पोरगी त्याला वळसा घालायची आणि हमखास पकडली जायची. शेवटी वहिनींनाच बोलावून ते पुसायला लावलं. त्यांनी ते पायानं नाही, पदराच्या टोकानं पुसलं.

आणि मग एक दिवस लता तापानं आली नाही. सराव सामन्याला एक पोरगी कमी. मी गमतीनं रोळाकडं बघून म्हटलं, “वहिनी, येता का? नुसतं बसायचं चौकोनात.”

त्यांनी फाटकाकडं पाहिलं. रस्त्याकडं पाहिलं. मग चपला रोळाखाली सरकवल्या, इरकलीचा काचा मारला आणि चौकोनात जाऊन बसल्या, एक गुडघा वर, हात जमिनीला, अगदी तशाच, जशा महिनाभर बघत होत्या. पोरी तोंड दाबून हसत होत्या. वृषाली सोडून. ती आईकडं अशी बघत होती की मीच नजर वळवली.

नुसतं बसायचं ठरलं होतं. पण वृषालीनं पळता पळता नेमका त्यांनाच खो दिला.

वहिनी उठल्या आणि पळाल्या. कोणाला गाठता आलं नाही, दिशा चुकली, गजरा पडला, पण पळाल्या. खांबाला हात लावून उभ्या राहिल्या तेव्हा धाप लागलेली, आणि धापेत हसू. उजव्या गालाला खळी पडते हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मग त्या एकदम थांबल्या, काचा सोडला, पदर दोन्ही खांद्यांवरनं घेतला.

“बाई, घरी कळायला नको,” त्या म्हणाल्या.

“कोण सांगतंय?” मी म्हटलं, आणि विषय तिथंच सोडला.

पुढच्या आठवड्यात वेण्यांची तक्रार आली. पळताना वेण्या उडतात, कोणाच्या हातात आल्या तर मान मोडेल. मी लगेच नियम केला, सगळ्या पोरींनी घट्ट अंबाडे घालायचे. उपाय इतका झटपट सुचला की मी स्वतःवरच खूश झाले. रेघ अजून अर्धीच झाली होती.

“वहिनी, आता काही शिल्लक आहे का?” मी जरा ऐटीतच विचारलं. “असेल तर आजच सांगून टाका. मला तुमची एकही तक्रार ठेवायची नाही.”

त्यांनी खूप विचार केला. डबा हातात, नजर सुतळीवर. “नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “तसं आता काही राहिलं नाही.”

उरलेली रेघ त्यांनी फार हळू मारली. डबा माझ्या हातात देताना तो हलवून बघितला, फक्की आहे का अजून. मग वृषालीला घेऊन गेल्या. मी त्या दिवशी मुख्याध्यापिकांना सांगितलं की हिंगमिऱ्यांचं घर मी जिंकलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या नाहीत. त्याऐवजी साडेपाचला फाटकाशी सायकलची घंटा वाजली. हिंगमिऱ्यांच्या आडत दुकानातला म्हातारा गडी, कासाप्पा.

“चला ताई,” तो वृषालीला म्हणाला. “मालकांनी आणायला सांगितलंय. अंधार व्हायच्या आत.”

“अहो, आत्ताच तर सामना सुरू होतोय,” मी म्हटलं.

“मला सायकल परत न्यायचीय बाई. दुकानात काम हाय.”

त्या दिवशी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. साडेपाचची घंटा वाजली की माझा अर्धा संघ सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून निघून जायचा. सराव पाचला ढकलला होता तो मीच, उन्हाच्या तक्रारीपायी, त्यामुळं अंधाराला तोंड फोडणारीही मीच. परत चारला घ्यावा तर मुख्याध्यापिकांनी चारची वेळ लेझीमला देऊन टाकलेली. सामने तोंडावर आले होते आणि वृषालीशिवाय बाकीच्या पोरी नुसत्या गोंधळलेल्या कोंबड्या होत्या.

मी सरळ दुकान गाठलं.

वृषालीचे आजोबा, अप्पा, दुकानाच्या दारातच गादीवर बसायचे. दुकान पुढं, घर मागं, आणि घरातून बाहेर पडायची वाट त्यांच्या गादीवरनंच. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, हातात अडकित्ता. माणूस वाईट नव्हता. मला खुर्ची दिली, आत हाक मारून चहा सांगितला.

“वृषाली चांगली आहे ना?” त्यांनी विचारलं.

“उत्तम. म्हणूनच आले. तिला पूर्ण वेळ पाठवा. आधी वहिनी यायच्या न्यायला, तसं...”

“तिच्याबद्दल काही तक्रार आहे का तुमची?”

“छे, मुळीच नाही.”

“आमचीही आता काही राहिली नाही म्हणे. सूनबाई सांगत होती, बाईंनी सगळं मार्गी लावलं.” अप्पांनी सुपारी कातरली. “मग सूनबाईनं यायचं कशाला? तक्रार असती तर गोष्ट वेगळी. घरच्या बाईनं जाऊन विचारायला नको का? पण नुसतं बघायला जायचं म्हणजे... कुठं निघालीस?”

हे शेवटचं मला नव्हतं. मागून त्यांची बायको, वृषालीची आजी, हातात तांब्या आणि बेलाची पानं घेऊन चालली होती.

“देवळात,” ती न थांबता म्हणाली.

“हं,” अप्पा म्हणाले.

पाठोपाठ वहिनी चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात दिला आणि क्षणभर उंबऱ्यावर रेंगाळल्या, रस्त्याकडं बघत.

“कुठं?” अप्पांनी सवयीनं विचारलं.

“कुठं नाही,” वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

चहा चांगला होता. मी तो अर्धाच ठेवून उठले, पण का, हे तेव्हा नीट कळलं नाही. ते दुसऱ्या दिवशी वृषालीनं सांगितलं.

सरावाआधी ती माझ्याजवळ आली आणि चपलेनं माती उकरत उभी राहिली. “बाई, मला आज काहीतरी लागू द्या ना.”

“काय?”

“थोडंसं. गुडघा फुटला तरी चालेल. त्या बाह्या मी आज घातल्याच नाहीत.”

“वेडी झालीस का? कशाला?”

“मग आई येईल.” तिनं मान वर केली. “आईला यायला काहीतरी लागतं ना बाई. अप्पा विचारतात, कुठं. त्यांना काय सांगणार? आधी तिला चांगलं सुचायचं. रात्री भाकरी करताना आम्ही दोघी मिळून शोधायचो. पण तुम्ही एकेक मिटवूनच टाकता.”

ती हे सगळं मला दोष न देता सांगत होती, हे जास्त लागलं. मी रोळावर बसले, वहिनी बसायच्या तिथंच. ‘इतक्यात?’ म्हणाल्या होत्या त्या, पहिल्याच दिवशी. एकेक तक्रार मिटवताना मी त्या बाईचं एकेक दार बाहेरून लावून घेत होते, आणि वर ऐटीत विचारलं होतं, आता काही शिल्लक आहे का. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग मी वृषालीला म्हटलं, “घरी जाऊन सांग, बाईंनी फर्मान काढलंय. अंबाडे सुटतात म्हणून उद्यापासून सगळ्यांच्या वेण्या कापणार. मानेपर्यंत.”

वृषालीचा हात वेणीकडं गेला. मग तिच्याही गालाला खळी पडली.

दुसऱ्या दिवशी पाचच्या आधीच वहिनी आल्या. अख्ख्या गल्लीला दिसेल असा संताप, नाकाचा शेंडा लाल, पावलं दाणदाण. फाटकातनं आत आल्या, भिंतीच्या आड झाल्या, आणि थांबल्या. मी डबा पुढं केला. त्यांनी तो घेतला आणि छातीशी धरला.

“वेण्या कापणार म्हणे तुम्ही.”

“विचार आहे.”

“मी होऊ देणार नाही.”

“मग रोज येऊन बघत बसावं लागेल. माझा काही भरवसा नाही.”

वहिनींनी पदर खोचला. वाकल्या आणि रेघ मारू लागल्या. मधल्या रेघेवर कुठंतरी त्यांच्या डोळ्यांतलं पाणी फक्कीत पडलं असावं, कारण दोन ठिपके जरा घट्ट दिसत होते. मी ते बघितलं नाही असं दाखवलं. साडेपाचला घंटा वाजली नाही. वृषालीनं त्या दिवशी समोरच्या बाजूच्या सहा पोरी बाद केल्या.

निघताना वहिनी माझ्याजवळ आल्या. “उद्याचं काय?”

“उद्याचं काय म्हणजे?”

“तक्रार हो. सकाळच्या चहालाच काढावी लागते. ऐन वेळी सांगितली की अप्पांना पटत नाही.”

तेव्हापासून आम्ही दोघी रोज दुसऱ्या दिवशीची तक्रार ठरवून मगच निघत होतो. ऐकायला सोपं वाटतं, पण ती एक कलाच होती. तक्रार अशी हवी की आईला यावं लागेल, पण पोरीचा खेळ थांबणार नाही. मी उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी म्हटलं, “सांगा की कुंपणाशी पोरं येऊन उभी राहतात.”

वहिनींनी डोळे मोठे केले. “ती नको. ती सांगितली तर आम्ही दोघीही घरात.”

मग आम्ही हलक्या हाताची कामं केली. प्यायच्या पाण्याच्या माठाला झाकण नाही. बाई पोरींना अनवाणी पळवतात. बाई वृषालीला शेवटच्या चौकोनात बसवतात, लताला मधल्या. बाई शिट्टी फार मोठ्यानं वाजवतात. मी इतकी वाईट बाई आहे हे मलाच नवीन होतं. अप्पांनी म्हणे एकदा माझ्या नावानं कपाळाला हात लावला.

शिट्टीच्या तक्रारीनंतरची संध्याकाळ मला अजून दिसते. सामन्याला जायला जेमतेम आठवडा उरला होता, आणि खरी अडचण तीच होती. जिल्ह्याच्या गावी दोन दिवस राहायचं. वृषालीला अप्पा पाठवतील असं काही आमच्या हाताला लागत नव्हतं. वहिनी रेघ मारत होत्या, मी शेजारनं चालत होते, दोघींची डोकी चालत होती आणि काहीच निघत नव्हतं.

“आत्याबाई,” वहिनी एकदम म्हणाल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

फाटकात त्यांच्या सासूबाई उभ्या होत्या. नऊवारी, हातात बेलाचा तांब्या, तोंड घट्ट मिटलेलं. वहिनींच्या हातातला डबा कलता होऊन फक्कीचा ढीग पायावर पडत होता. चौकोनात बसलेली वृषाली उठायचंही विसरली. मला वाटलं, संपलं सगळं. आता पोरगीही गेली आणि आईही.

म्हातारी सरळ मैदानाच्या मधून चालत माझ्यासमोर आली. ताज्या रेघा मात्र तिनं ओलांडल्या, पुसल्या नाहीत.

“तुम्हीच ना त्या बाई?”

“हो, आजी.”

“माझी तक्रार आहे.”

माझा हात सवयीनं डब्याकडं गेला आणि मी तो मागं घेतला.

“तुमच्या तक्रारी अलीकडं फार पातळ व्हायला लागल्यात,” आजी म्हणाल्या.

मी वहिनींकडं पाहिलं.

“शिट्टी मोठ्यानं वाजते, ही काय तक्रार झाली? आमचे हे हसले काल. ते हसले की मला भीती वाटते, हसले म्हणजे डोकं चालायला लागलं. मी मधे पडले म्हणून निभावलं. म्हटलं, पोरीच्या कानात दडे बसतात, मी स्वतः बघितलंय. अशी रोज मी कुठवर पुरणार?”

“आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं?” वहिनींनी डबा कसाबसा सरळ धरत विचारलं.

“तू तक्रार सांगतेस आणि गालाला खळी पडते तुझ्या,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांचं लक्ष अडकित्त्याकडं असतं म्हणून बरं. चहा देताना पाठ करत जा त्यांच्याकडं.” मग माझ्याकडं वळल्या. “बाई, लग्न होऊन आले तेव्हापासून मी देवळात जाते. आधी नुसता सोमवार होता. मग प्रदोष धरला, मग अमावास्या, मग नवस बोलले आणि रोजचंच केलं. महादेवाला बेल वाहते आणि मागच्या पायरीवर बसून शेंगा खाते. आम्ही चौघी असतो. हिला देवळाचं कारण दिलं असतं मी, पण एका घरातनं दोघी निघाल्या की हे म्हणणार, एकीनंच दोघींचा नमस्कार घालावा. हिला हिचं स्वतःचं काहीतरी पाहिजे होतं. सापडलं, तर तुम्ही ते मिटवत सुटलात.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“चुकलंच. आता ऐका. जिल्ह्याला जायचंय ना? त्याला चांगली दणकट लागेल. मी दुपारीच काढलीय. बाई पोरींना परगावी नेणार आणि बरोबर घरचं मोठं माणूस कोणी नाही, ही कुठली रीत? मी स्वतः जाऊन त्या बाईला फैलावर घेते, असं सांगून निघालेय.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. भांडले मी तुमच्याशी. तुम्ही ऐकेनात, फार हट्टी बाई आहात. शेवटी नाइलाजानं ठरलं की वृषालीबरोबर हिनंच जायचं. दोन्ही दिवस. मला काही हे पसंत नाही, पण इलाज काय?”

वहिनी मटकन खाली बसल्या, ताज्या आखलेल्या चौकोनातच. वृषाली धावत आली आणि आईच्या अंगावर पडली. सासूबाईंनी तिकडं फारसं बघितलं नाही. त्यांनी तांब्या रोळावर ठेवला, सुनेच्या हातातला डबा काढून घेतला आणि मला विचारलं, “हा कसा धरायचा? मी तक्रार केलीय तर मला मारायला नको का रेघ?”

त्यांनी मारलेली रेघ नागमोडी गेली. आम्ही ती पुसली नाही. सामन्याच्या गावाला जाईपर्यंत लता त्या रेघेवर अडखळत होती.

“भांडायला साधारण किती वेळ लागतो?” रेघ संपल्यावर आजींनी विचारलं.

“तुमच्यासारखीला? अर्धा तास तरी.”

“मग बसते,” म्हणत त्या रोळावर टेकल्या, कनवटीच्या पुरचुंडीतून शेंगा काढल्या आणि म्हणाल्या, “हां, पळा आता.”

जिल्ह्याला आम्ही उपांत्य फेरीत हरलो, दोन गुणांनी. वहिनींनी तिथल्या पंचांकडं मैदानाच्या रेघा वाकड्या असल्याची तक्रार केली, आणि ती खरी होती. पण ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला तिघी निघाल्या. फाटकाशी सासूबाई थांबल्या. शेंगांची टरफलं पदरातनं झटकली, तांब्या हातात घेतला, सुनेकडं वरून खालपर्यंत पाहिलं.

“चेहरा नीट कर,” त्या म्हणाल्या. “भांडून आल्यासारखा.”

वहिनींनी ओठ घट्ट मिटले. खळी काही जाईना.

“गाल आत ओढ. हां. वृषाली, तू रडल्यासारखी चाल. आणि घरात शिरताना आधी मी बोलणार.”

मग तिघी रस्त्याला लागल्या, पुढं सासू, मागं सून, मधे नात, तिघींची तोंडं फुगलेली. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या की हिंगमिऱ्यांच्या घरात आज काहीतरी मोठं बिनसलंय. मी फाटकाशी डबा घेऊन उभी होते. कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत त्यांनी ते छान निभावलं. कोपऱ्यावर म्हातारीचेच खांदे हलायला लागले, आणि तिनं नातीच्या हातात तांब्या देऊन, वळायच्या आत, पदर तोंडात कोंबला.